चित्र्याचा वाटा

“चित्र्या कुठाय, तात्या?”

मायाप्पा धावतच टेकडी चढून आला होता. हातात कुऱ्हाड, कपाळावर भंडारा, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. खाली बिरोबाच्या जत्रेचे ढोल जोरात होते.

सिदू तात्या देवळाच्या पायरीवर चातीनं लोकर कातत बसले होते. धनगरवाड्यातली सगळी पोरं ढोल आणि ओव्या त्यांच्याकडेच शिकलेली. त्यांत सगळ्यांत हुशार मायाप्पा, हे मायाप्पाच सगळ्यांना सांगायचा.

“कुत्र्याचं राहू दे. सकूचं सांग आधी.”

“वाचली! माझी पोरगी वाचली, तात्या! ऑपरेशन करून लिव्हरवरनं कवठाएवढा पाण्याचा फोड काढला. आज भात खाल्ला तिनं. मलाच म्हणते, अप्पा, तुम्ही इथं काय करताय? जत्रेला जा.”

तात्यांनी डोळे मिटून देवाला हात जोडले.

“आणि चोर सापडला! डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं. कुत्र्याच्या आतड्यात जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतनं पडतात, केसांना चिकटतात. डोळ्याला दिसत नाहीत. पोरं कुत्र्याच्या गळ्यात पडतात आणि त्याच हातानं भाकरी खातात. मेंढरांच्या गावांत असले रोगी फार, म्हणाल्या.”

“बरं, मग?”

“मग काय! वाड्यावर सांगून आलोय. आज एकही कुत्रं ठेवायचं नाही. पहिला मान माझ्या चित्र्याचा!”

“दुसरा काही इलाज नाही सांगितला बाईंनी?”

“कुत्र्याला गोळी देतात म्हणे. पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ती भानगड कोण करणार?”

तात्यांनी चाती खाली ठेवली.

“कुत्र्याच्या पोटात तो जंत आला कुठून, ते विचारलंस का?”

“विचारलं की! मला काय येडा समजता? मेंढरातनं आला. मेंढराच्या कलेजीवर तसलेच पाण्याचे फोड असतात. ती कलेजी कुत्र्यानं खाल्ली, की...”

मायाप्पानं खाली जत्रेकडं पाहिलं.

जत्रेचं मेंढरू कापायचा मान त्याच्या घराचा. फोडांची कलेजी माणसं खात नाहीत. ती राखणीच्या कुत्र्याला टाकायची, अशी वाड्याची रीत. मायाप्पा दर जत्रेला ती उंच उडवायचा आणि ओरडायचा, “घे गड्या, तुझा वाटा!” चित्र्या ती वरच्या वर झेलायचा. लोक शिट्ट्या मारायचे. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या पिटायची ती सकू.

तात्यांनी शीळ घातली.

चित्र्या देवळामागून सुसाट आला. कुऱ्हाडीकडं त्यानं पाहिलंही नाही. मायाप्पाच्या उजव्या हातासमोर बसला. मान वर, नजर बोटांवर, शेपूट धुळीत आपटत...

ढोल चढले. खालून हाक आली, “मायाप्पा, ये रं लवकर! मेंढरू आणलंय!”

मायाप्पा आपल्या हाताकडं बघत राहिला.

चित्र्याही त्याच हाताकडं बघत होता...

“तात्या... आता?”

“कुऱ्हाड ठेव इथं. कुदळ घे आणि पळ खाली.”

“कुदळ? चित्र्याला पुरायला?”

तात्यांनी चित्र्याकडं पाहिलं.

“त्याचा वाटा पुरायला.”