नववा विषय

एका गावात एक नगराध्यक्ष होते. नाव रंगराव. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. वाईट माणसांच्या गोष्टींतून कुणी काही शिकत नाही, कारण ऐकणारा म्हणतो, मी काही तसा नाही.

रंगरावांच्या नगरपालिकेत सतरा सभासद. महिन्याला एक सभा. आणि त्या सभेची एक रीत होती. गावातलं कुणी नावाजलेलं माणूस त्या महिन्यात वारलं असेल, तर दुखवट्याचा ठराव करायचा. सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं. मग गेलेल्याचा मान म्हणून सभा तहकूब करायची, म्हणजे उरलेले विषय पुढच्या महिन्यावर टाकून घरी जायचं. ठरावाची प्रत शिक्का मारून त्या घरी पोचती व्हायची. लोक ती काचेत बसवून भिंतीला लावायचे.

रीत चांगलीच होती. पहिल्या वेळी गावची शाळा काढणारे गृहस्थ गेले, तेव्हा सभा तहकूब झाली आणि कुणाला वावगं वाटलं नाही. पण पुढच्या वेळी एका सभासदाचे काका गेले. त्यांच्यासाठी नाही केली तर घरच्यांना राग येणार. काकांसाठी केली, मग दुसऱ्याच्या मामांसाठी का नाही? असं करत करत रीत वाढत गेली. मोठं गाव. दर महिन्याला कुणी ना कुणी जाणारच. मेल्यावर लहानमोठं ठरवायचं धाडस कुणाला होतं?

मग गावाची कामं कशी होत होती, असं तुम्ही विचाराल. ज्या कामांची सभासदांना घाई असायची, ती ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून दुखवट्याच्या आधीच उरकून घेत. वेशीवर कमान बांधायची, कमानीखाली कारंजं करायचं, हे असंच झालं. पाच मिनिटं लागली नाहीत. ज्या कामाला कुणी वाली नाही, ते विषयपत्रिकेवर राहायचं. विषयपत्रिका म्हणजे सभेपुढच्या कामांची यादी. यादीत नाव असलं की काम झाल्यासारखं वाटतं. हा कागदाचा मोठा दुर्गुण आहे.

त्या गावात हैबती नावाचा चावीवाला होता. चावीवाला म्हणजे नळाचं पाणी आळीआळीला सोडणारा. बावीस वर्षं त्यानं गावाला पाणी पाजलं. कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, हे त्याला पाण्यावरून कळायचं. गावात दोन उंच टाक्या होत्या. एक बाजारातली, दुसरी वरच्या आळीतली. दोन्ही एकाच साली, एकाच माणसानं बांधलेल्या. बाजारातल्या टाकीखाली सावली चांगली पडते म्हणून नगरपालिकेनं तिथंच पत्रे घालून बालवाडी केली होती. शेवंताबाई तिथं शिकवायच्या. पोरं होती एकतीस.

एक दिवस हैबतीला टाकीच्या एका खांबाला चीर दिसली. सिमेंट सुटलं होतं आणि आतले गज गंजून फुगले होते. हैबती शिकलेला नव्हता, पण त्याचा बाप विहिरी बांधायचा. बापानं त्याला एक गोष्ट शिकवली होती. चीर जुनी की चालती, हे बघायचं तर तिच्यावर कणकेच्या खळीनं कागदाची पट्टी चिकटवायची. चीर मेलेली असेल तर पट्टी राहते. चालती असेल तर पट्टी फाटते.

हैबतीनं बायकोकडून, कोंडाबाईकडून, खळ शिजवून घेतली आणि पट्टी लावली. महिन्याभरात ती मधोमध फाटली.

शेवंताबाईंनी त्याला अर्ज लिहून दिला. जिल्ह्याहून एक इंजिनिअर आले. त्यांनी दोन्ही टाक्या पाहिल्या आणि अहवाल दिला. बाजारातली टाकी ताबडतोब रिकामी करावी, तोवर टँकरनं पाणी द्यावं. वरच्या आळीतल्या टाकीचीही तपासणी करावी. बालवाडी हलवावी. हा अहवाल विषयपत्रिकेवर नवव्या जागी आला.

पहिल्या सभेत निवृत्त हेडमास्तरांचा दुखवटा झाला. सभा तहकूब.

दुसऱ्या सभेत एका माजी सभासदाच्या आईचा झाला. म्हातारी चौऱ्याण्णव वर्षांची होऊन, नातवाचं लग्न बघून, झोपेत गेली होती. सभा तहकूब.

तिसऱ्या सभेत एका अडत्याच्या सासऱ्यांचा झाला. ते या गावात आयुष्यात एकदाच, मुलीच्या लग्नाला आले होते. तरी सभा तहकूब.

तिन्ही वेळा हैबती दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. मधल्या काळात एक पट्टी पंधरा दिवसांत फाटली, पुढची आठ दिवसांत. त्यानं आपल्या मनानं टाकी अर्धीच भरायला सुरुवात केली. चढावरच्या घरांचे नळ बारीक झाले. बायका भांडायला आल्या, म्हणाल्या, आमचं पाणी कुणाला विकतोस? तो ऐकून घ्यायचा. शेवंताबाई पोरांना घेऊन देवळाच्या सभामंडपात बसायला लागल्या, तर पुजाऱ्यानं गोंगाटाची तक्रार केली आणि नगरपालिकेतून चिठ्ठी आली की बालवाडी नेमून दिलेल्या जागीच भरवावी. जागा बदलायची तर ठराव हवा. ठराव नवव्या विषयात होता.

शेवटी हैबती रंगरावांच्या घरी गेला. रंगरावांनी त्याला खुर्ची दिली. तो खालीच बसला. म्हणाला, “अण्णा, येत्या सभेला नववा विषय पहिला घ्या.”

रंगराव म्हणाले, “अरे, व्यायामशाळेचे वस्ताद कालच गेले. त्यांची राख निवली नाही आणि मी पाण्याचं काढू? लोक तोंडात शेण घालतील.”

“कमानीचा विषय आधी घेतला होता की.”

रंगराव म्हणाले, “कमानीला सगळ्यांची तयारी होती. टाकी रिकामी केली की गाव तीन महिने टँकरवर. ऐन दिवाळीत. सतरांतला एक तरी हात वर होईल का, सांग. तू काळजी करू नकोस. विषय पत्रिकेवर आहे.”

हैबती उठला. खरं सांगायचं तर रंगरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण माणसाला जेवण गेलं नाही म्हणून खांब बळकट होत नाही.

चौथी सभा ज्या दिवशी होती, त्याच दिवशी संध्याकाळी कमानीचं उद्घाटन होतं. कारंजं उंच उडायला हवं, म्हणजे टाकी काठोकाठ भरायला हवी. आदल्या दिवशी हैबतीला लेखी हुकूम आला. शेवंताबाईंनी तो वाचून दाखवला. टाकी पूर्ण भरावी, कसूर झाल्यास कामावरून कमी करण्यात येईल. खाली रंगरावांची सही.

शेवंताबाई म्हणाल्या, “दादा, हा कागद तुमच्या जिवावर उठलाय.”

हैबतीनं टाकी भरली. त्याची नोकरी होती, घरी खाणारी तोंडं होती. त्याला मी दोष देत नाही. पण भरताना त्यानं एक नवी पट्टी लावली. सकाळी येऊन बघतो, तर पट्टी फाटलेली. एका रात्रीत. आणि फाटलेल्या दोन कडांमध्ये त्याचं करंगळीचं टोक जात होतं.

त्यानं आधी शेवंताबाईंना सांगितलं, पोरांना घेऊन नदीकडे चला, चिठ्ठी आली तर मी बघतो. शेवंताबाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. एकतीस पोरं रांगेनं, एकमेकांच्या सदऱ्याला धरून, बाजारातून गेली. भाजीवाल्या म्हणाल्या, आज बालवाडीची सहल दिसते.

मग हैबती सभागृहाकडे धावला. दार उघडं होतं. सतराही सभासद उभे होते. डोळे मिटलेले, माना खाली. वस्तादांचा दुखवटा चालू होता.

हैबती म्हणाला, “अण्णा.”

शिपायानं ओठांवर बोट ठेवलं.

आणि हैबती थांबला. हीच त्याची एक चूक. आयुष्यभर त्यानं मोठ्यांचा मान राखला होता, त्याला ते मोडता आलं नाही. तोही मान खाली घालून उभा राहिला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. दोन मिनिटं झाली. रंगरावांनी डोळे उघडले आणि सभा तहकूब झाल्याचं सांगितलं. खुर्च्या सरकल्या. बाहेर भजी तयार होती.

हैबतीनं रंगरावांना वाटेत गाठलं. फाटकी पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. म्हणाला, “रात्रीत फाटली, अण्णा. टाकी सोडायची परवानगी द्या. तोंडी द्या.”

रंगरावांनी पट्टी बघितली. त्यांना कळलं नाही, असं नाही. पण भोवती माणसं होती, संध्याकाळी पाहुणे येणार होते. ते हळूच म्हणाले, “सभा तहकूब झाली रे. आता माझ्या हातात काही नाही. उद्याचा दिवस जाऊ दे.”

हैबतीनं टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला.

टाकी धुताना पाणी काढायला तळाशी एक चावी असते. ती गंजली होती. हैबतीनं खांबाशी बसून, पहार घालून ती फिरवली. पाणी धो धो गटारीत जायला लागलं. बाजारातले लोक जमले. कुणी म्हणालं, “हैबती, गटारीला तहान लागली होती काय रे?” कुणी म्हणालं, याची नोकरी गेली समजा. तो सगळ्यांना एकच सांगत होता, लांब व्हा. एवढं तावातावानं सांगत होता की लोक खरंच लांब झाले. चावी मात्र धरून ठेवावी लागत होती. सोडली की ती परत बसायची. म्हणून तो लांब झाला नाही.

पाणी निम्म्यावर आलं असेल, तेव्हा खांब बसला आणि टाकी खाली आली.

बालवाडीचे पत्रे कागदासारखे दुमडले. आत कुणी नव्हतं. त्या खांबाखाली एकटा हैबती होता.

त्या संध्याकाळी कारंजं उडालं नाही. चार दिवस गावात मोठा संताप झाला. लोकांनी नगरपालिकेच्या दारावर दगड मारले. पाचव्या दिवशी टँकर आला आणि लोक घागरी घेऊन रांगेत उभे राहिले.

पुढच्या सभेत हैबतीच्या दुखवट्याचा ठराव आला. चावीवाल्याचा दुखवटा नगरपालिकेनं करावा, हे गावात पहिल्यांदाच घडत होतं. सगळ्यांना आपल्या मोठ्या मनाचं बरं वाटलं. कोंडाबाईला सन्मानानं बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. रंगराव बोलायला उठले. जे बोलले ते मनापासून बोलले. सतरा जण उभे राहिले. कोंडाबाई बसून राहिली. तिची नजर घड्याळावर होती.

दोन मिनिटं झाली. रंगराव सभा तहकूब करणार, तोच ती म्हणाली, “अण्णा, या दोन मिनिटांत नववा विषय वाचून झाला असता.”

कारकुनानं लिहिता लिहिता मान वर केली.

ती म्हणाली, “माझा माणूस गेला. त्याचं काही मागायला मी आले नाही. वरच्या आळीची टाकी त्याच सालची आहे. तिच्याखाली अकरा घरं आहेत. सगळे आलाच आहात, बसा आणि तेवढा विषय घ्या.”

रंगरावांचा हात टेबलावरच्या घंटीवर होता. सगळ्या सभागृहाला वाटलं, आता ते म्हणतील, बसा. त्यांनाही तसं वाटलं असणार. एवढ्यात मागून एक सभासद हळूच म्हणाला, “दुखवट्यानंतर कामकाज आजवर कधी झालं नाही. हैबतीचाच अपमान व्हायचा, वहिनी.”

माना हलल्या. रंगरावांनी कोंडाबाईकडे बघायचं टाळलं आणि घंटी वाजवली.

सभा संपल्यावर कारकुनानं विचारलं की नवव्या विषयापुढं काय लिहू. ठरलं की बाजारातली टाकी आता नाही, म्हणून तेवढा भाग निकाली काढावा. वरच्या आळीचा भाग पुढच्या सभेला. बैल गेल्यावर झोपा करतात म्हणतात. इथं बैल गेला तरी झोपा झाला नाही.

तीन आठवड्यांनी शिपाई ठरावाची प्रत घेऊन कोंडाबाईच्या घरी आला. कागद जाड होता, शिक्का जांभळा होता. तिनं तो काचेत बसवला नाही. तिनं चुलीवर खळ शिजवली. कात्रीनं त्या कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या आणि वरच्या आळीत जाऊन टाकीच्या चारही खांबांना लावल्या. एका पट्टीवर हैबतीचं नाव आलं, एकीवर रंगरावांची सही. आळीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. तिनं त्यांना समजावून सांगितलं, रोज सकाळी बघत जा. फाटली तर कुणाला विचारू नका, पोरं घेऊन निघा.

सहा दिवस पट्ट्या तशाच राहिल्या. सातव्या दिवशी नदीकडच्या खांबावरची फाटली.

त्या दिवशी नगरपालिकेची सभा होती. आदल्या आठवड्यात कुणाची तरी आत्या वारली होती.

तात्पर्य: मेलेल्यांसाठी उभं राहायला काही लागत नाही, जित्यांसाठी बसून काम करायला लागतं. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या दुखवट्याला विषय कधी कमी पडत नाहीत.