बिनसुरकुतीची पट्टी

एका जिल्ह्याच्या गावी एक मोठं इस्पितळ होतं आणि त्या इस्पितळात एक प्रयोगशाळा होती. रोग्याच्या शरीरातून काढलेला बारीकसा तुकडा तिथे बाटलीतून येई. तो मेणात बसवून त्याची वडी करायची; तिलाच तिथे ब्लॉक म्हणत. मशीनच्या पात्यावर ती वडी कापून कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ पट्ट्या काढायच्या. त्या कोमट पाण्यावर पसरायच्या, काचेवर उचलायच्या आणि रंग देऊन डॉक्टरांपुढे ठेवायच्या. सूक्ष्मदर्शकातून पाहून रोग कोणता ते डॉक्टर सांगत. पण काचच धड नसेल तर डॉक्टर तरी काय सांगणार?

हे काम शिकायला दिगंबर नावाचा एक तरुण तिथे आला. हुशार होता, कष्टाळू होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. शिकवायला गद्रे मॅडम होत्या. वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. चार महिने मॅडमच्या तोंडी दिगंबरचंच नाव होतं. मग ताहिरा शिकायला आली आणि दिगंबरच्या सुखाला दृष्ट लागली.

ताहिराचा हात जात्याच हलका. तिची पट्टी सलग निघे आणि पाण्यावर सोडली की तिला औषधालाही सुरकुती नसे. मॅडम तिची काच उजेडाकडे धरून म्हणत, "वा गं बाई!" तेवढ्या तीन शब्दांनी दिगंबरच्या तोंडची चव जाई. डबा उघडला तरी घास गोड लागत नसे.

तिचं मशीन नवं आहे, म्हणून तिला जमतं, असं त्याने ठरवलं. एक दिवस काहीतरी सबब काढून त्याने मशीन बदलून घेतलं. ताहिराने त्याच्या जुन्या मशीनवरही तशीच पट्टी काढली. मग त्याने ठरवलं की तिचं पातं चांगलं असणार. पातंही बदललं. काही उपयोग झाला नाही. एकदा ताहिरा सहज म्हणाली, "दिगंबर, तू मेण किती साफ ओततोस रे! मला दाखव ना." त्याला वाटलं, ही आपल्याला टोमणा मारतेय. तो नुसता हसला आणि दाखवलं काहीच नाही. तिचा हात एकदा तरी चुकावा, असं त्याला मनापासून वाटे.

एके दिवशी सकाळी एक बाई स्वतःच बाटली घेऊन आली. बाटलीत तिच्या सहा वर्षांच्या मुलीच्या यकृताचा तुकडा होता, शेवईच्या कांडीएवढा. मुलीला काय झालंय ते कोणालाच कळत नव्हतं. सगळी भिस्त त्या कांडीवर होती. मॅडमनी तुकडा मेणासाठी तयार करायला लावला. दुसऱ्या दिवशी वडी झाली. मॅडम ती ताहिराला देणार, तोच दिगंबर पुढे झाला. "मॅडम, अवघड काम नेहमी तिलाच का? आज मला द्या."

"घे," मॅडम म्हणाल्या. "पण तुकडा अगदी बारीक आहे. तीन पट्ट्या मिळाल्या की थांब." एवढं सांगून त्या कामाला बाहेर गेल्या.

दिगंबरने नियमाप्रमाणे मशीनचा ट्रे पुसला आणि चाक फिरवलं. पहिली पट्टी निघाली. चांगली होती, फक्त एका कडेला बारीकशी सुरकुती होती. त्याने शेजारी पाहिलं. ताहिरा दुसऱ्या कुणाच्या पट्टीवर काम करत होती आणि ती पट्टी पाण्यावर आरशासारखी पडली होती.  त्याने आपली पट्टी ट्रेमध्ये झटकून टाकली आणि पुन्हा चाक फिरवलं. दुसरी पट्टी पहिलीपेक्षा बरी होती. पण ताहिराच्या पट्टीएवढी? नाही. ती टाकली. तिसरी टाकली, चौथी टाकली. दर वेळी तो आधी शेजारी बघे आणि मग आपल्या पट्टीकडे. वडीकडे बघायला त्याला सवडच नव्हती.

अखेर एक पट्टी निघाली. लांब, सलग, सुरकुतीचा मागमूस नाही! आनंदाने तो ती पाण्यावर सोडायला गेला आणि थबकला. पट्टीत तुकडा नव्हताच. नुसतं मेण होतं. त्याने वडी पाहिली. वडीतही नुसतं मेण होतं.

 मग मनात आलं, तुकडा मुळातच लहान होता, असं सांगितलं तर कोण विचारणार? ट्रेमधला चुरा फेकून दिला की संपलं. तो ट्रे घेऊन बाहेरच्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाला. दाराबाहेर बाकावर तीच बाई बसली होती. पांढरा कोट पाहून ती धडपडत उठली.

"दादा, पोरीचं काय निघालं वो? परत सुई टोचाय लागंल का? मागल्या टायमाला लई रगत गेलं तिचं. डाक्टर म्हनले, आता जमायचं न्हाई."

 दिगंबर ट्रे तसाच घेऊन मागे फिरला. आता मदत मागायची तर एकाच माणसाकडे, आणि नेमकी तीच त्याच्या डोळ्यांत सलत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. "ताहिरा, मी ब्लॉक संपवला. जे काही आहे ते या चुऱ्यात."

ताहिराने एकच विचारलं, "ट्रेमध्ये दुसऱ्या कोणाचं काही नाही ना? खरं सांग."

"नाही. आधी पुसला होता."

मग ती बसली. ओल्या कुंचल्याने एकेक वळलेली पट्टी तिने अलगद उचलली, स्पिरिटमध्ये उलगडली आणि पाण्यावर पसरली. दोन तास मान वर केली नाही. दिगंबर शेजारी काचा धरून होता. त्या हाताचा हेवा वाटायचं त्या दोन तासांत त्याला सुचलं नाही. तीन काचा झाल्या. सगळ्यांवर सुरकुत्या होत्या.

संध्याकाळी डॉक्टर स्वतः आत आले. मागे गद्रे मॅडम होत्या. "रोग कळला," डॉक्टर म्हणाले. "औषध आजच सुरू होईल. सुरकुत्या आहेत, असू देत. मला यकृत बघायचं होतं, इस्त्रीचा सदरा नाही. एवढ्याशा तुकड्यातून तीन काचा! दिगंबर, ब्लॉक तुझ्याकडे होता ना? शाबास!"

इतके महिने ज्या शब्दासाठी तो जळत होता, तो शब्द आयता चालून आला होता. ताहिरा खाली मान घालून पातं पुसत होती. ती काही बोलणार नव्हती, हे त्याला दिसत होतं.

"काचा माझ्या नाहीत," दिगंबर म्हणाला. "तुकडा मी कापून वाया घालवला. टाकलेल्या चुऱ्यातून ताहिराने काचा केल्या."

मॅडमनी त्याला महिनाभर मशीनला हात लावू दिला नाही. खरं सांगितलं म्हणून शिक्षा माफ झाली नाही. इतरांच्या वड्या वर्षानुवर्षं जपून ठेवत, पुढे कधी पुन्हा पाहावं लागलं तर कामी याव्यात म्हणून. त्या मुलीची वडीही मॅडमनी दिगंबरलाच कपाटात ठेवायला लावली. वर तिचं नाव होतं आणि आत फक्त मेण होतं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हाताकडे बघत काम करणाऱ्याला आपल्या हातातलं कधी संपलं ते कळत नाही.