निजलेल्या देवाचा निरोप

धगडोंगराच्या पोटात निद्रोबा नावाचा देव झोपलेला आहे आणि तो जागा झाला की डोंगर फुटणार, हे पायथ्याच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तिथे कोणी कोंबडा पाळत नसे, आणि लग्नातले ढोलसुद्धा गोधडीत गुंडाळून वाजवत.

एका सकाळी महापुजारी अंबरघोष देवळाच्या पायरीवर उभे राहिले. "पहाटे देवाने डोळे उघडून मला हाक मारली," ते म्हणाले. "गावाचा झरा आजपासून देवळाचा, असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं."

गावाला पाण्याची दुसरी सोय नव्हती. पण देवाच्या शब्दापुढे बोलणार कोण? कोंडाक्का रंगारीण मात्र वेगळ्याच मातीची. ती तडक घरी गेली आणि भांडीकुंडी गाढवावर लादून वेशीकडे निघाली. तिचं बघून सगळं गाव बोचकी बांधू लागलं.

पुजारी धावत आले. "अक्का, निघालात कुठे सगळे?"

"देव उठला म्हणालात ना, महाराज? म्हणजे आता डोंगर फुटणार. तुम्हीही चला, गाढवावर जागा आहे."

ओसाड गावात नैवेद्य कोण आणणार, या विचाराने पुजाऱ्यांनी घाईघाईने हात जोडले. "अहो, डोंगर कशाला फुटतोय? देव गाढ झोपलाय, शपथेवर सांगतो."

कोंडाक्काने गाढव थांबवलं आणि शांतपणे विचारलं, "मग झरा मागितला कोणी?"

झरा गावाचाच राहिला. पुढच्या जत्रेला कोंडाक्काने एक कोंबडा विकत आणला.