मार्जरीबाईंची गादी आणि कढई

चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका खेड्यात टॅमसिन नावाची मोलकरीण होती. तिची विधवा मालकीण मार्जरीबाई अंथरुणाला खिळली होती. आपलं आता फार उरलं नाही हे ओळखून बाईंनी पाद्रीबाबांना मृत्युपत्र लिहायला बोलावलं.

"माझी पिसांची गादी आणि तांब्याची कढई टॅमसिनला," त्यांनी सांगितलं. टॅमसिनचे डोळे भरून आले. बाईंच्या मागे तिला जगात कुणीच नव्हतं.

तेवढ्यात बाईंचा दीर हम्फ्री आत आला. गावचा बडा जमीनदार तो! पाद्रीबाबांनी लेखणीच खाली ठेवली.

"वहिनी, वाटणाऱ्या तुम्ही कोण?" तो गरजला. "लग्न झालं की बाईचं सगळं नवऱ्याचं. आणि माझ्या भावाचं जे जे होतं, ते आता माझं."

"खरंय, भावोजी," मार्जरीबाई शांतपणे म्हणाल्या. "मग आधी मला न्या. मीही तुमच्या भावाचीच होते. भरवणं, कूस बदलणं, औषधपाणी, सगळं आजपासून तुमच्याकडे. टॅमसिन, गाडी जुंपायला सांग."

हम्फ्री दचकून मागे सरला. "छे, छे! भाऊ गेला तेव्हाच तुम्ही मोकळ्या झालात!"

"पाद्रीबाबा, ऐकलंत ना? माझ्याबरोबर ही गादी आणि कढईही माहेरहून या घरात आली. मी मोकळी झाले, तर त्याही झाल्या. लिहा."

पाद्रीबाबांनी लेखणी उचलली. हम्फ्री तरातरा निघून गेला.

टॅमसिन उशीवरच्या त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. जिला पाण्याचा पेला उचलवत नव्हता, तिने गावच्या धन्याला दाराबाहेर घालवलं होतं.