पुढची तारीख

भिवराबाईचा मुलगा म्हादू काही गुन्हा नसताना कच्च्या कैदेत पडला होता आणि त्याचे वकील दाजीसाहेब टिपणीस कौन्सिलात निवडून जायच्या धावपळीत होते. दर वेळी ते कोर्टाकडं पुढची तारीख मागत. कौन्सिल झालं, मग दाजीसाहेब मोठ्या कोर्टाचे जज्जही झाले.

सत्काराला ते गळाभर हार घालून बसले होते. भिवराबाई गर्दीतून वाट काढत समोर गेली.

"रडू नकोस बाई," दाजीसाहेब ऐटीत म्हणाले, "म्हादूला आता वरच्या कोर्टात आण, माझ्यापुढं."

"त्यो वरच्या कोर्टात कवाच गेला, सायेब. तुरुंगातच डोळं मिटलं त्यानं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "तिथं तुमची साक्ष लागंल. बोलावणं आलं की मुकाट निघा. तिथं पुढची तारीख देत न्हाईत."