सावरदऱ्याचा कोरा दगड

सावरदऱ्याच्या ओढ्यावर मधोमध फुटलेला बांध दिसतो, तो कुणा शत्रूनं फोडलेला नाही. पाहुणे तिथं तोफगोळ्याच्या खुणा शोधत बसतात आणि गावकऱ्यांना आधी त्यांचा हिरमोड करावा लागतो. बांध फुटला तो एका विड्यापायी, असं सांगतात.

फार मागं गावची देशमुखी सगुणाबाईंच्या हाती होती. नवरा लढाईत गेलेला, पोटी मूल नाही. घरच्या मोलकरणीचा पोरका मुलगा मल्हारी त्यांनीच वाढवला होता. उन्हाळ्यात बायका ओढ्याच्या वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरत, ते बाईंना बघवेना. त्यांनी बांध घालायचं ठरवलं आणि चावडीवर विडा मांडला. जो उचलेल त्याचं काम, अशी तेव्हाची रीत होती.

पंचक्रोशीतला जाणता गवंडी भिवा समोरच बसला होता. माणूस तुसडा, पण कामाचा पक्का. तो विड्याकडे बघेचना.

"बाईसाहेब, एक पावसाळा मला ओढा बघू द्या," तो म्हणाला. "पाणी कुठवर चढतंय ते बघितल्याबिगर मी दगडाला हात लावायचा न्हाई."

म्हातारा भ्याला, असं लोकांना वाटलं. खरं सांगायचं तर बाईंनाही वाटलं. आणखी एक उन्हाळा बायकांना वाळू उपसायला लावायची त्यांची तयारी नव्हती. तेवढ्यात मल्हारीनं पुढं होऊन विडा उचलला. तो भिवाकडेच काम शिकत होता. दगड बरा घडवायचा, पण भिंत अजून कधी स्वतः उभी केली नव्हती.

"पोरगं गुणी हाय, पर कच्चं हाय," भिवा म्हणाला. "माझ्या हाताखाली ऱ्हाऊ द्या. पुढचा बांध त्योच घालील."

"आईसाहेब, यांच्या हाताखाली माझा जन्म जायचा," मल्हारी म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले म्हणे. बाईंचा जीव तुटला. एक जण नुसतं थांबायला सांगतोय आणि दुसरा जिवाचं रान करायला तयार आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी होकार दिला.

मल्हारीनं खरंच जिवाचं रान केलं. बांध देखणा झाला. पण जास्तीचं पाणी निघून जायला बाजूनं सांडवा ठेवतात, तो त्यानं अरुंद ठेवला. जास्त पाणी साठावं, ही हाव. भिवा एकदा आपणहून आला, सांडवा रुंद कर म्हणून सांगून गेला. मल्हारीनं ते हसण्यावारी नेलं. गोष्ट बाईंच्या कानावर आली, तर त्यांनीही म्हाताऱ्याचा जळफळाट म्हणून सोडून दिली.

भाद्रपदात भर दुपारी ओढा बांधावरून वाहू लागला. मल्हारी पहार घेऊन सांडवा फोडायला धावला. काठावरून बाई त्याला माघारी फिर म्हणून हाका मारत होत्या. भिंत त्याच्यासकट गेली, खालच्या आळीतली घरंही गेली.

बांधाला बळी हवा होता, तो मिळाला, अशी गावानं आपली समजूत काढली. मल्हारीच्या नावानं दगड मांडला, शेंदूर कालवला. सगुणाबाई अनवाणी आल्या आणि त्यांनी शेंदराची वाटी ओढ्यात पालथी केली.

"त्याचा देव करू नका," त्या म्हणाल्या. "बांधानं बळी घेतला नाही. पोराला काम येत नव्हतं आणि ते मला माहीत होतं. त्याचं मन मोडवेना, म्हणून मी त्याला काम दिलं."

बांध पुन्हा घालायला कुणी धजलं नाही. तो दगडही कोराच राहिला.

आजही सावरदऱ्यात विडा मांडत नाहीत. विहीर बांधायची असो की देवळाचं शिखर चढवायचं असो, काम पुरं होऊन त्यावरून एक पावसाळा गेला की मगच कारागिराच्या घरी जाऊन त्याच्या हातात विडा देतात. आणि कामासाठी आलेलं एखादं उमेदीचं पोरगं फारच आवडून गेलं, तर काम देणाऱ्यानं आधी या कोऱ्या दगडापाशी एकट्यानं येऊन बसायचं. तिथं बसून करायचं काय, असं पाहुणे हमखास विचारतात. पूजा नाही, नवस नाही. त्या पोराला नाही कसं म्हणायचं, तेवढं ठरवून उठायचं.