साळिंदरगुरुजींचे काटे

माणसांच्या शाळा निघायच्या कितीतरी आधी, माळावरच्या पळसाखाली साळिंदरगुरुजींची शाळा भरत असे. मुलं पळसाच्या पानांवर अक्षरं गिरवत आणि लिहायला गुरुजी आपले गळालेले काटे सगळ्यांना वाटत.

एकदा मोर म्हणाला, "गुरुजी, माझ्या लेकाकडे पिसाची लेखणी आहे. फुकटचे काटे गरिबांनाच द्या. त्यांची रांग वेगळी करा, म्हणजे घोळ नको."

गुरुजींना ते पटलं.

त्या दिवशी सशिणीची लेक शेवरी रिकाम्या हातानं घरी आली. "आई, मी उद्यापासून शाळेत जाणार नाही."

"का गं? काटे संपले?"

"नाही. त्या रांगेत उभं राहिलं की सगळे वळून बघतात."

बिळात गवताशिवाय काहीच नव्हतं. लेखणी कुठून आणणार? सशीण तशीच उठून पळसाखाली गेली.

"गुरुजी, तुम्ही देता मायेनं, पण घेताना माझ्या पोरीची मान खाली जाते."

गुरुजी म्हणाले, "चुकलंच माझं. उद्या तिला पाठवा."

दुसऱ्या दिवशी रांग नव्हती. गुरुजींनी प्रत्येकाच्या जागेवर काटा ठेवला, मोराच्या लेकापुढेही.

लेकाला सोडायला आलेला मोर फणकारला, "आम्हाला फुकटचं कशाला?"

"फुकटचं नाही मोरराव, शाळेचं आहे," गुरुजी म्हणाले.

झुडपाआडून सशीण बघत होती. सगळी मुलं पानांवर वाकली होती. कोण कुणाच्या घरचं, ते तिला लेखणीवरून ओळखू येईना.